बटान मेमोरियल मार्च : पाठीवर १६ किलो घेऊन चालू की नको?

उंटावरचा_शहाणा
मंडळी, एक प्रश्न आहे, लांबण लागणार आहे पण वाचा.

मी एल पासोला राहतो. इथून गाडीने तासाभरावर न्यू मेक्सिकोत व्हाइट सँड्स मिसाइल रेंज नावाचा लष्करी तळ आहे. तिथे दर वर्षी मार्च महिन्यात बटान मेमोरियल डेथ मार्च असतो. २६.२ मैल, म्हणजे अख्खी मॅरेथॉन, पण बराचसा रस्ता मातीतून आणि वाळूतून. ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी १४.२ मैलांचा वेगळा मार्ग आहे. लाइट आणि हेवी असे दोन प्रकार, हेवी म्हणजे पाठीवर कमीत कमी ३५ पौंड, आपले साधारण १६ किलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिलिपिन्समध्ये बटान नावाचं द्वीपकल्प आहे. ९ एप्रिल १९४२ ला तिथल्या अमेरिकन आणि फिलिपिनो फौजेने जपान्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली. साधारण ७५ हजार माणसं, जानेवारीपासून अर्ध्या रेशनवर, मलेरिया आणि आमांशाने खंगलेली. त्यांना मारिवेलेसपासून सॅन फर्नांडोपर्यंत, जवळजवळ १०० किलोमीटर, भर उन्हात चालवत नेलं. अन्न-पाणी जवळजवळ नाहीच, जो पडला त्याला संगीन. त्यात न्यू मेक्सिकोच्या नॅशनल गार्डची सुमारे १८०० पोरं होती आणि त्यातली निम्मीच घरी आली. एवढ्याशा लोकवस्तीच्या राज्यातून इतकी, म्हणजे गावागावातून कोणी ना कोणी गेलेलं. म्हणून हा मार्च इथे.

आता प्रश्न. ऑफिसातल्या चौघांनी हेवीची टीम करायची ठरवलंय, टीमला पाच लोक लागतात, पाचवा मी. त्यातला एक माजी सैनिक आहे, त्याचे सोबती अफगाणिस्तानात गेलेत, तो का चालतो ते कळतं. पण माझ्या सात पिढ्यांत कोणी फौजेत नाही, आणि हा देशही माझा नाही. मी १६ किलो पाठीवर घेऊन कोणासाठी चालू? लाइटमध्ये गुपचूप चालावं, की टीममध्ये जावं, की घरी बसून पोहे खावेत?

अबोली_कोरांटी
पोहे. पुढचा प्रश्न?

शंकासुर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणसं तहानेने मेली त्या चालीच्या नावाने ठरावीक अंतरावर पाणी आणि संत्र्याच्या फोडी खात चालायचं, शेवटी फोटो काढून फेसबुकवर टाकायचा, याला मेमोरियल म्हणतात? नावात 'डेथ मार्च' ठेवून इव्हेंट करणं मला तरी विचित्र वाटतं. ज्याला आदर आहे त्याने घरी बसून इतिहास वाचावा. पाठीवरच्या वजनाने मेलेल्याला काय मिळतं?

पायपीट
शंकासुर, मी दोनदा केलाय, दोन्ही वेळा लाइट. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझेही विचार तुमच्यासारखेच होते, मी फक्त मॅरेथॉनचा आकडा वाढवायला गेलो होतो हे कबूल करतो.

पहाटे अंधारात सगळे जमतात. वाळवंट असल्यामुळे भयंकर थंडी असते, दात वाजतात. मग हजेरी होते. हो, शाळेतल्यासारखी हजेरी. त्या मूळ चालीतून वाचलेले जे म्हातारे आलेले असतात त्यांची नावं पुकारतात आणि ते उत्तर देतात. मग गेल्या वर्षभरात जे गेले त्यांची नावं पुकारतात. एक नाव, मग शांतता. दुसरं नाव, मग शांतता. हजारो माणसं उभी असतात आणि कोणी खोकतसुद्धा नाही. मग बिगुल. माझ्या शेजारी कृत्रिम पाय लावलेला एक तरुण उभा होता, तो पूर्ण २६ मैल चालला, मला वाटेत मागे टाकून गेला हे वेगळं सांगायला नको.

आता वाचलेले जवळजवळ कोणी उरले नाहीत, त्यांची मुलं-नातवंडं येतात. पण तेव्हा ते खुर्चीत बसलेले आणि आपण रांगेने हात मिळवत पुढे जायचो. नव्वदीचा हात म्हणजे हाडांची मोळी, पण पकड होती.

उं.शा., जा. टीमचं नंतर बघू.

निवृत्त_पिठ्ठू
२२ वर्षं फौजेत काढली आहेत म्हणून दोन शब्द. पाठीवरच्या त्या सामानाला आमच्यात पिठ्ठू म्हणतात, आणि पिठ्ठू कोणाचा आदर-बिदर बघत नाही, खांदे बघतो. आधी सांग, सराव किती आहे? आणि महिने किती आहेत हातात?

शंकासुर साहेब, मेलेल्याला काही मिळत नाही हे बरोबर. आम्ही दर वर्षी स्मारकावर पुष्पचक्र वाहतो तेव्हाही त्याला काही मिळत नाही. ते उरलेल्यांसाठी असतं. ज्याच्या शेजारचा गेला त्याला वर्षातून एक दिवस तरी काहीतरी करायला हवं असतं, नुसतं बसवत नाही. आणि चालणं हे फौजीला येणारं सगळ्यात जुनं काम.

उंटावरचा_शहाणा
काका, पाच महिने आहेत. सराव म्हणजे रविवारी १०-१२ मैल, पाठीवर फक्त पाण्याची बाटली.

निवृत्त_पिठ्ठू
मग ऐक. ५ किलोपासून सुरू कर आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढव, एकदम १६ वर उडी मारलीस तर गुडघे तुझे राहणार नाहीत. जड वस्तू पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला, खाली लोंबता कामा नये. कंबरपट्टा असा आवळ की वजन खांद्यावरून माकडहाडाच्या वर, कंबरेवर येईल. पायाची नखं आदल्या दिवशी कापू नकोस, आठवडाभर आधी काप. मोज्यांचे दोन थर, आतला पातळ. फोड येण्याआधी तिथे गरम लागायला लागतं, तेव्हाच थांबून टेप लावायचा. पुढे बघू म्हणणाऱ्याला पुढे काही बघायला मिळत नाही. उतारावर वजन घेऊन पळायचं नाही.

आणि एक. कोणासाठी चालू म्हणतोस ना, ७५ हजारांसाठी कोणी चालू शकत नाही. एक नाव शोध.

अबोली_कोरांटी
काकांना दंडवत. नखांचा सल्ला मी मॉलमध्ये फिरण्यासाठी वापरणार आहे.

मनिला_मेल
धागा उशिरा बघितला. मी कामानिमित्त सहा वर्षं मनिलात आहे. आधी एक छोटी गोष्ट, इथले लोक 'बाता-आन' म्हणतात, बटान नाही.

आता मोठी गोष्ट. उं.शा. यांनी न्यू मेक्सिकोच्या १८०० मुलांबद्दल लिहिलं, ते बरोबरच आहे. पण त्या ७५ हजारांत साठ हजारांहून जास्त फिलिपिनो होते हे धाग्यात कुठेच आलं नाही. वाटेत मेलेल्यांच्या आकड्यांवर इतिहासकारांचं एकमत नाही, पण अमेरिकन शेकड्यांत आणि फिलिपिनो हजारांत हे सगळेच मानतात. सॅन फर्नांडोला पोचल्यावर मालगाडीच्या बंद डब्यात उभं कोंबून कापासपर्यंत नेलं, त्यात गुदमरून उभ्या उभ्या गेले. पुढे कॅम्प ओ'डोनेलमध्ये तर वाटेत मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त मेले.

इथे मारिवेलेसपासून रस्त्याच्या कडेने दर किलोमीटरला पांढरा दगड आहे, त्यावर कोसळणाऱ्या माणसांची आकृती. आता तो सगळा रहदारीचा रस्ता झालाय, दुकानं, ट्रायसिकल, शाळा सुटलेली पोरं, आणि मधेच तो दगड. मी एकदा गाडीने जाताना मोजायला लागलो आणि तिसाच्या पुढे मोजवेना. ९ एप्रिलला इथे सुट्टी असते, 'आराव नांग कागितिंगान', म्हणजे शौर्यदिन. समात डोंगरावर प्रचंड क्रूस आहे, तो लांबून दिसतो.

आणि अजून एक. युद्धात अमेरिकेच्या झेंड्याखाली लढलेल्या फिलिपिनो सैनिकांचे बहुतेक हक्क १९४६ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून काढून घेतले. २००९ मध्ये एकरकमी पैसे दिले, नागरिक असेल तर १५ हजार डॉलर आणि नसेल तर ९ हजार. तोवर बहुतेक लोक गेले होते. तेव्हा आठवण कोणाची काढायची हा प्रश्न तितका सरळ नाही.

शंकासुर
मनिला_मेल, हेच. अगदी हेच मला म्हणायचं होतं, फक्त मला येत नव्हतं.

पायपीट
येत नव्हतं आणि म्हणायचंही नव्हतं, शंकासुर, तुम्ही संत्र्याच्या फोडींवर घसरला होतात. :)

पण मनिला_मेल यांचा मुद्दा बरोबर. मी गेलो त्या वेळी फिलिपिनो कुटुंबं खूप होती, आजोबांचा फोटो पिशवीच्या मागे लावून चालणारी. मागून चालताना तुम्हाला तासन्‌तास तोच चेहरा दिसत राहतो. एका बाईंच्या पाठीवरचे आजोबा मी सहा मैल बघत होतो, शेवटी ओळखीचे वाटायला लागले.

रानवाटा
आपल्याकडे पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालतात तेही असंच की. १६६० चे बाजीप्रभू आणि बांदल, आणि आजची पोरं चिखलात घसरत. तिथेही निम्मे रीलसाठी येतात आणि खिंडीत पोचल्यावर गप्प होतात. सहज आठवलं.

व्हिलचेअर_आणि_ट्यूलिप
अवांतर पण धाग्याला धरून. मी नेदरलँड्समध्ये नाइमेखेनजवळ राहते. इथे वाल नदीवर एक नवा पूल आहे. २० सप्टेंबर १९४४ ला त्या जागी अमेरिकन सैनिकांनी भर दुपारी कॅनव्हासच्या होड्यांतून नदी ओलांडली, समोरून जर्मन गोळीबार. त्यात ४८ दोस्त सैनिक मेले. पुलावर दिव्यांच्या ४८ जोड्या आहेत. रोज संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागायच्या वेळी त्या एकदम लागत नाहीत, एकेक जोडी करून लागतात, आणि त्यांच्या वेगाने एक माजी सैनिक पूल चालून जातो. रोज. २०१४ पासून. दहा-बारा मिनिटांचं काम. पावसात एकटाच माणूस चालताना मी सायकलवरून बघितलाय, ना वजन ना मेडल.

लांब चाललं म्हणजेच आठवण होते असं नाही, एवढंच म्हणायचंय.

अबोली_कोरांटी
हे वाचून काटा आला. पोह्यांचा प्रतिसाद मागे घेते.

वाळूतला_खडा
प्रश्न : व्हाइट सँड्स म्हणजे ती पांढरीशुभ्र वाळूची टेकाडं ना, जिथे लोक घसरगुंडी करतात? त्यातून चालायचं? फोटो काय येतील!

पायपीट
नाही हो. ती जिप्समची टेकाडं म्हणजे शेजारचं राष्ट्रीय उद्यान. मार्च मिसाइल रेंजवर असतो, मातकट रंगाचं, काटेरी झुडपांचं, एका टेकडीला वळसा घालून चढावाचं. वाऱ्याने तोंडात माती जाते. आणि २० मैलांनंतर एक वाळूचा पट्टा येतो, घोट्यापर्यंत पाय रुततात. पाय उचलला की बुटात अर्धा पाव वाळू. गेटर्स (बुटाच्या तोंडावरून घोट्याभोवती बांधायचं कापडी आवरण) घाला, नाहीतर काकांचे दोन थरांचे मोजे म्हणजे सॅंडपेपर.

शंकासुर
त्याच मिसाइल रेंजच्या उत्तरेच्या भागात १६ जुलै १९४५ ला पहिला अणुबॉम्ब फोडला होता, ट्रिनिटी. म्हणजे ज्या जमिनीवर जपान्यांनी मारलेल्यांची आठवण काढता त्याच जमिनीवर जपान्यांना मारायची तयारी झाली. यावर कोणी बोलणार का?

वाळूतला_खडा
आणि तो बॉम्ब पडला म्हणून जपानमधल्या छावण्यांत उरलेले हेच बटानचे कैदी सुटले, नाहीतर...

शंकासुर
'नाहीतर'च्या पुढे काहीही लिहिता येतं. आणि त्या कैद्यांना जपानला नेणारी जहाजं अमेरिकेच्याच पाणबुड्या-विमानांनी बुडवली होती, कारण जहाजांवर कैदी असल्याची खूण नव्हती. ऑक्टोबर १९४४ मध्ये आरिसान मारू बुडालं, त्यावर १८०० च्या आसपास अमेरिकन कैदी होते, वाचले ९.

निवृत्त_पिठ्ठू
अणुबॉम्बचा धागा वेगळा काढा. इथे बुटा-मोज्यांचं चाललंय.

पायपीट
काकांनी एक नाव शोध म्हणून सांगितलंय त्यावरून. बेन स्कार्डन. कर्नल. बटानमधून वाचलेले आणि नंतर कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. हे आजोबा नव्वदीत असताना दर वर्षी इथे यायचे आणि नुसते खुर्चीत न बसता साडेआठ मैल चालायचे. शंभरी ओलांडल्यावरही आले. त्यांच्याबरोबर चालणाऱ्यांचा मोठा जथा असायचा. २०२१ मध्ये गेले, १०४ वर्षांचे होऊन.

पण गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या दोन मित्रांची आहे. तिघेही साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन कॉलेजचे. छावणीत स्कार्डन मरायला टेकले होते, मलेरिया, बेरीबेरी, सगळंच. हेन्री लाइटनर आणि ओटिस मॉर्गन हे दोघे त्यांना घास भरवायचे, अंग पुसायचे. स्कार्डननी कॉलेजची सोन्याची अंगठी कशीबशी लपवून ठेवली होती. ती देऊन मॉर्गनने पहारेकऱ्याकडून मांसाचा एक छोटा डबा आणि एक जिवंत कोंबडी मिळवली. ती कोंबडी उकडून त्यांनी स्कार्डनना घातली, आणि माणूस उठला. लाइटनर आणि मॉर्गन दोघेही घरी परतले नाहीत. आणि हा १०४ वर्षं जगला. दर वर्षी साडेआठ मैल चालताना त्याच्या डोक्यात काय असेल, मी तरी सांगू शकत नाही.

मनिला_मेल
पायपीट, हे माहीत नव्हतं. आभार.

अबोली_कोरांटी
उं.शा., तुमची दोन नावं सापडली.

उंटावरचा_शहाणा
हो. नोंदणी केली. टीम, हेवी. बोलणी खायला तयार आहे.

वाळूतला_खडा
वजन म्हणून पिशवीत भरतात काय? दगड?

पायपीट
तांदूळ आणि राजमा-घेवड्याच्या पिशव्या. शेवटची रेषा ओलांडली की वजन होतं, ३५ च्या खाली भरलं तर बाद. मग बरेच जण ते धान्य तिथेच गरजूंसाठी देऊन टाकतात, परत गाडीपर्यंत कोण नेणार!

अबोली_कोरांटी
पाच महिने झाले. उं.शा. जिवंत आहेत का?

उंटावरचा_शहाणा
आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख सोडून बाकी सगळा जागेवर आहे. काका, नखं आठवडाभर आधी कापली होती, तरी गेलं.

वृत्तांत. हजेरीबद्दल पायपीट यांनी लिहिलंय ते शब्द न शब्द खरं, मी वेगळं लिहीत नाही. लाइटनर आणि मॉर्गन अशी दोन नावं कापडावर लिहून पिशवीच्या मागे शिवली होती. मनिला_मेल, तुमच्यामुळे खाली 'आणि ते सगळे फिलिपिनो ज्यांची नावं मला माहीत नाहीत' असंही लिहिणार होतो, पण इंग्रजीत ते फार भाषणासारखं दिसायला लागलं म्हणून काढलं. ते बरोबर केलं की नाही अजून कळत नाही. वाटेत एका फिलिपिनो काकांनी पाठीवरची नावं वाचून विचारलं, हे तुझे कोण? मी म्हटलं कोणी नाही. ते म्हणाले बरं, आणि मैलभर बरोबर चालले. त्यांचे वडील कॅम्प ओ'डोनेलमध्ये गेले होते. मग त्यांचा वेग वाढला आणि माझा कमी झाला.

आता मुख्य. १७ मैलांपर्यंत आम्ही मस्त होतो. मग आमच्या त्या माजी सैनिकाचा, म्हणजे ज्याच्यासाठी खरं तर हे सगळं, त्याचा गुडघा गेला. सुजून टोमॅटो. तो म्हणाला तुम्ही पुढे व्हा. पण टीमचा नियम असा की पाचही जणांनी शेवटची रेषा एकत्रच ओलांडायची. आणि नियम नसता तरी त्याला तिथे सोडून कोण जाणार होतं? मग आम्ही त्याच्या पिशवीतल्या तांदळाच्या पिशव्या काढून आपापसात वाटून घेतल्या. तो नको नको म्हणत शिव्या घालत होता, अगदी मनापासून घालत होता. माझ्या वाट्याला दोन आल्या. त्यानंतर तो वाळूचा पट्टा. त्याबद्दल मी काही लिहू शकत नाही, मला नीट आठवतच नाही, फक्त पुढच्याच्या बुटांच्या टाचा आठवतात.

पाचही जण एकत्र पोचलो. वजनकाट्यावर त्याची पिशवी भरली १९ पौंड. टीम बाद.

शंकासुर
तुम्हा चौघांची किती भरली?

उंटावरचा_शहाणा
माझी ३९. विचारलं मी, टीमची सरासरी काढता येईल का म्हणून. काट्यावरचा माणूस खूप हसला आणि नाही म्हणाला.

शंकासुर
ठीक. संत्र्याच्या फोडींबद्दलचं विधान मागे. बाकीचं तसंच.

निवृत्त_पिठ्ठू
गुडघ्याला बर्फ लावला का त्याच्या? दोन दिवस चालायला देऊ नकोस. आणि तुझं नख येईल, अंगठ्याचं पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, ओढू नकोस.

अबोली_कोरांटी
आणि तांदूळ?

उंटावरचा_शहाणा
सगळे दिले. एक पिशवी वाटेतच फुटली होती, तिचे दाणे अजून माझ्या बुटातून निघतायत.